गिरणीचं मीटर आणि उसनी सही : वडोदऱ्यातलं एक प्रकरण

प्रकरण एका पिठाच्या गिरणीचं आहे. विश्वामित्री नदीपासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत मावशींच्या घराच्या पुढच्या खोलीत सिंगल फेजवर चालणारी घरघंटी होती. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या खोलीत कमरेइतकं पाणी चढलं. घंटी गेली, खालचे सगळे प्लग गेले, भिंती महिनोन्‌महिने ओल धरून राहिल्या. मावशींनी ठरवलं की खर्च करायचाच आहे तर एकदाच नीट करू. साडेसात अश्वशक्तीची थ्री फेज मोटर, मोठी चक्की, दळणाबरोबर मसालाही. बँकेचं कर्ज झालं, चक्की आली आणि वायरिंगचं काम गल्लीतल्याच काका-पुतण्याच्या जोडीला दिलं गेलं.

काका अठ्ठावन्न वर्षांचे. विशीपासून हेच काम. पुतण्या तिशीतला, तरसालीच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड पास झालेला, पण ते प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेलं. नावं मुद्दाम देत नाही; दोघंही अजून इथेच काम करतात आणि इथेच करणार आहेत.

काम झालं. मावशी थ्री फेजची फाइल घेऊन गेल्या. गुजरात वीज मंडळाचे तुकडे पडून २००५ पासून वडोदरा मध्य गुजरात वीज कंपनीकडे आलं, तरी आम्ही अजून ‘जीईबीत’च जातो. तिथे सांगितलं की अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा कागद, हवा. त्यावर लायसन्सवाल्या ठेकेदाराचा शिक्का, त्याच्या सुपरवायझरची सही आणि दोघांचे नंबर. मावशी घरी आल्या आणि काकांना म्हणाल्या, “अहो, तुमची सही चालत नाही म्हणतात.”

काकांनी ही अडचण आयुष्यात अनेकदा सोडवली होती. ओळखीच्या एका माणसाला फोन केला की तो कुठल्या तरी ठेकेदाराच्या लेटरहेडवर टेस्ट रिपोर्ट भरून आणून देतो. जागा न पाहता. या वेळी भाव पाच हजार सांगितला. मावशींनी विचारलं, “हे कशाचे?” काका म्हणाले, “कागदाचे.” मावशींचा हिशोब पक्का असल्यामुळे त्या पाच हजार कुणाच्या खिशातून जाणार यावर अडून बसल्या आणि त्या वादात पुतण्या माझ्याकडे आला. मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. इथल्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि त्याच्या जोरावर सक्षमता प्रमाणपत्र घेतलं. पुतण्याची विनंती सरळ होती : “दादा, तुम्ही सही करा ना. काम तर मी चांगलंच केलंय.”

मी म्हटलं, बघू तरी.

इथे थांबून हे कागद काय आहेत ते सांगायला हवं, कारण पुतण्याला ते आयटीआय करूनही नीट माहीत नव्हते आणि मला वाटतं बहुतेक कारागिरांना नसतात. आपल्याकडे वीजकामाचे परवाने तीन पायऱ्यांचे आहेत. सर्वांत खाली वायरमनचं परमिट : या हाताला तारेचं काम करायची मुभा आहे. मध्ये सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र : या माणसाच्या देखरेखीखाली काम झालं तर तो त्याची चाचणी घेऊ शकतो आणि उत्तर देऊ शकतो. वर ठेकेदाराचं लायसन्स, जे माणसाला किंवा फर्मला मिळतं. गुजरातमध्ये हे सगळं गांधीनगरहून चालतं. लायसन्सिंग बोर्ड तिथे मुख्य विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आहे, आणि तेच कार्यालय विजेवरचा कर, म्हणजे इलेक्ट्रिसिटी ड्यूटीही गोळा करतं.

नियम नवा नाही. १९५६च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५व्या नियमात हीच गोष्ट होती. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर नवं काम, वाढीव काम, फेरफार, दुरुस्ती हे सगळं लायसन्स असलेल्या ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडूनच व्हायला हवं. २००३चा वीज कायदा आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम केले, ते बदलून २०२३ मध्ये नवे आले, पण हा गाभा टिकून राहिला. त्याच नियमाचं दुसरं शेपूट लोक विसरतात : याविरुद्ध झालेल्या कामाला वीज कंपनीने जोडणीच द्यायची नाही. म्हणजे खिडकीवरच्या माणसाने मावशींना परत पाठवलं तो त्याचा आडमुठेपणा नव्हता. त्याने फाइल घेतली असती तर तो चुकला असता.

आता जागेवर काय सापडलं ते. हा भाग मी लांबवणार आहे, कारण सगळं प्रकरण इथेच आहे.

काम दिसायला देखणं होतं. पाइपांची ओळ दोऱ्यावर मारल्यासारखी सरळ, बोर्डात फेरूल लावलेली टोकं, रंग बरोबर, लाल-पिवळा-निळा आणि न्यूट्रल काळा. परमिट खिशात असलेले कितीतरी वायरमन एवढं स्वच्छ काम करत नाहीत; हे मी पुतण्याला तोंडावर सांगितलं. मग पिशवीतून मेगर काढला. पुतण्याने विचारलं, “मी सगळं मीटरने चेक केलंय, परत कशाला?” त्याचं मीटर म्हणजे डिजिटल मल्टिमीटर. ते जेमतेम काही व्होल्टवर मोजतं. अर्धवट ओली, चिरलेली, टेप गुंडाळलेली तार त्याला निरोगी दिसते. मेगर ५०० व्होल्ट लावतो, मिनिटभर लावून ठेवतो आणि मग तार आणि जमीन यांच्यामधला रोध दाखवतो. लो व्होल्टेजच्या कामात तो किमान १ मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, हवा, असं आमचा नियम सांगतो. नव्या तारेचा तर कितीतरी जास्त यायला हवा.

बहुतेक सर्किट पन्नासच्या वर होती. एक मात्र ०.३ वर येऊन बसलं. पुढच्या भिंतीतला खालचा प्लग. तिथे पाइप नवा टाकला होता, पण भिंतीतली खाच जुनीच आणि पाइपचा खालचा वाकडा भाग पुराच्या पाण्याच्या पातळीखाली. भिंत बाहेरून सुकलेली, आतून नाही. पाइपात पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात एक टेप गुंडाळलेला जोड. तार कमी पडली होती म्हणून जोडली होती. काकांनी. पाइपाच्या आत जोड ठेवायचा नाही हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण दुकान बंद झालं होतं आणि उद्या प्लास्टरवाला यायचा होता. असं ‘उद्या प्लास्टरवाला’ या कारणाने किती जोड भिंतीत गाडले गेले असतील कोण जाणे.

मग आरसीसीबी, म्हणजे प्रवाह कुठे गळला की वीज तोडणारा डबा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा डबा होता, पण पुढच्या खोलीच्या दिव्यांचं सर्किट त्याच्या बाहेरून फिरवलेलं. का? पुतण्या म्हणाला, “तो उगाच पडतो हो. ट्यूब लावली की पडतो. मी बदलून पण बघितला, दुसराही पडला.” दुसराही पडला तेव्हाच शंका यायला हवी होती की डबा ठीक आहे. तो डबा एकच काम करतो : फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का ते बघतो. फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की तोडतो. पॅसेजच्या स्विच बॉक्समध्ये पुढच्या खोलीचा नवा न्यूट्रल आणि मागच्या घराचा जुना न्यूट्रल एका जोडात आले होते. फेज डब्यातून जायची, न्यूट्रलचा काही भाग मागच्या वाटेने निघून जायचा, हिशोब जुळायचा नाही, डबा पडायचा. बरोबर पडायचा. पुतण्याने त्याची वाटच बंद केली, आणि तोच अनुभव धरून गिरणीच्या मोटरसाठी चार पोलचा आरसीसीबी घेतलाच नाही.

आणि अर्थिंग. मोटरच्या बॉडीला एकच अर्थ वायर होती, ती स्टार्टरला जाऊन तिथून घराच्या जुन्या पाइपाला. थ्री फेज मोटरच्या सांगाड्याला दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात; एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून. पुतण्याने हे आयटीआयमध्ये वाचलं होतं. काकांनी सांगितलं होतं, “आपल्याकडे एकच मारतात.” तो जुना पाइप मोरीच्या बाजूला होता आणि पुरानंतर कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. अर्थ टेस्टर लावला तर जमिनीत जायच्या वाटेचा रोध १४ ओहम.

चौदा म्हणजे किती वाईट, हे पुतण्याने विचारलं तेव्हा मी कागदावर भागाकार केला. समजा मोटर बंद आहे आणि स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला आत येणारी फेज टेकली. २३० भागिले १४, फार तर साडेसोळा अँपिअर जमिनीत जातील. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, १६चा. १६चा एमसीबी त्याच्या १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत, तासाभराहून जास्त न पडता उभा राहू शकतो. तो तसाच बनवलेला असतो. मोटर बंद, म्हणून जादा भार आला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेला काही दिसणार नाही. आरसीसीबी नाहीच. आणि पेटीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज. सकाळी मावशी येऊन हिरवं बटण दाबणार, पाय फरशीवर, नुकतीच पुसलेली फरशी.

पुतण्या त्या भागाकाराकडे बराच वेळ बघत राहिला. काका म्हणाले, “असं कधी झालं नाही.”

काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी घातलेल्या वायरिंगची शेकडो घरं या शहरात उभी आहेत आणि त्यातल्या कुठल्याही घरात आग लागल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांचा प्रश्नही रास्त होता : “ज्याच्या सहीवर तुमचा एवढा भरवसा, तो तर जागेवर येतच नाही. मग माझं काम आणि त्याची सही यात सुरक्षित काय?” खरं आहे. सही विकणारा माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी करणारा डिप्लोमाधारक असतो. त्याचं प्रमाणपत्र कुठल्या तरी ठेकेदाराच्या लायसन्सवर टांगलेलं असतं, महिन्याला काही रक्कम येते. तो मेगर लावत नाही. रिपोर्टवरचे आकडे बसल्या जागी भरतो. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत ज्यांत प्रत्येक सर्किटचं रीडिंग एकसारखं असतं. खऱ्या घरात कधीही दोन सर्किटं एकसारखी येत नाहीत. हे ज्या शहरात चालतं ते शहर विजेच्या यंत्रांसाठी ओळखलं जातं. इथे १८९० मध्ये सयाजीरावांनी हातकामाला शास्त्राची जोड मिळावी म्हणून कलाभवन काढलं. मकरपुऱ्यात १९७४ पासून एर्डा ही वीज संशोधन संस्था आहे, जिथे देशभरातून विजेची उपकरणं तपासायला येतात. आणि त्याच मकरपुऱ्यापासून रिक्षाच्या अंतरावर घराचं वायरिंग टेस्टर स्क्रू ड्रायव्हरने तपासलं जातं.

पण काकांच्या युक्तिवादातून जे निघतं ते त्यांच्याच विरुद्ध जातं, आणि मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यासाठी. उसनी सही सुरक्षित नाही, हे तर झालंच. ती काम करणाऱ्यालाच पुसून टाकते. काकांनी जी घरं वायर केली, त्या प्रत्येक घराच्या फाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. कायद्याच्या नजरेत ते काम त्या ठेकेदाराने, त्याच्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, त्याच्या पटावरच्या वायरमनने केलं. काका त्यात कुठेच नाहीत. तरुणपणी ते एका मोठ्या ठेकेदाराकडे होते, पण रोजंदारीवर; पटावर नाव कधी चढलं नाही. परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला लायसन्सवाल्या ठेकेदाराने द्यायचा असतो. पस्तीसेक वर्षं काम केलेल्या माणसाजवळ एका वर्षाचाही दाखला नाही. आणि दर वेळी पैसे देऊन सही आणताना ते स्वतःच्याच अनुभवाचा दाखला दुसऱ्याच्या नावावर करून देत होते, वर त्याचे पैसेही स्वतःच भरत होते.

पुतण्याचंही तेच सुरू झालं होतं. आयटीआयनंतरची सगळी वर्षं काकांच्या हाताखाली, म्हणजे कागदावर शून्य. मध्यंतरी त्याने कौशल्य विकास योजनेतलं पूर्वशिक्षण मान्यतेचं प्रमाणपत्र घेतलं होतं, भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं. त्याला वाटत होतं तेच लायसन्स. ते हाताला येत असलेल्या कामाची नोंद आहे; परमिट नाही, आणि त्याच्यावर टेस्ट रिपोर्ट निघत नाही.

मी सही केली नाही, एवढं सांगून भागलं नाही, कारण मावशींचा हप्ता सुरू झाला होता आणि चक्की नुसती उभी होती. माझ्या शेठना विचारलं. ते म्हणाले, तपासून सही करणं आणि आपल्या देखरेखीखाली काम होणं या दोन गोष्टी आहेत. रिपोर्टवर दुसरी गोष्ट लिहिलेली असते. त्यांनी अट घातली : मीटरच्या जागेपासून मोटरपर्यंतचं सगळं वायरिंग, बोर्ड आणि अर्थिंग आमच्या फर्मने नव्याने घ्यायचं, आमचा परमिटवाला वायरमन हात लावणार, मी उभा राहणार. दिव्यांची सर्किटं उघडून दुरुस्त करून परत मोजायची. पुतण्या येऊ शकतो, पण मदतनीस म्हणून. स्वतःच्याच कामात मदतनीस व्हायची अट पुतण्याने ज्या चेहऱ्याने मान्य केली तो चेहरा काही सुखद नव्हता. काका आले नाहीत.

काम दोन टप्प्यांत झालं. ओल्या भिंतीतली खाच सोडून दिली आणि खालचे प्लग पुराच्या पातळीच्या वर, उघड्या पाइपावर घेतले. सुंदर दिसत नाही, पण पुढचा पूर येणार आहे हे धरून चाललेलं बरं. मीटरची पेटीही वर. पॅसेजमधला न्यूट्रल सोडवला. आरसीसीबी तोच जुना, पुतण्याने काढून ठेवलेला, आणि तो नंतर एकदाही पडला नाही. पुतण्याने ट्यूब दहा-बारा वेळा चालू-बंद करून बघितली. मोटरला चार पोलचा वेगळा. अर्थिंगला मोरीचा पाइप सोडून दोन नवे खड्डे, दोघांमध्ये अंतर ठेवून, अडीच मीटरचा जीआय पाइप, कोळसा आणि मीठ. मोटरच्या बॉडीवरून दोन स्वतंत्र पट्ट्या, दोन खड्ड्यांकडे. दोन्ही जोडून रीडिंग तीन ओहमच्या आत आलं. ऐन मे महिन्यात घेतलं, हे मुद्दाम सांगतो. पावसाळ्यात घेतलेलं अर्थचं रीडिंग नेहमीच छान येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. खड्ड्यावर झाकण ठेवलंय आणि मावशींना सांगितलंय की उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

टेस्ट रिपोर्टवर प्रत्येक सर्किटचं वेगळं रीडिंग लिहून मी सही केली. मीटर लागलं. गिरणी सुरू आहे, मसाल्याचा खकाणा अख्ख्या गल्लीला पुरतो.

पुतण्याचं पुढे काय, हा प्रश्न मीटर लागल्यावर खरा सुरू झाला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती : ठेकेदाराचं लायसन्स काढू, म्हणजे कुणाच्या दारात जायला नको. त्यासाठी सुपरवायझरची परीक्षा आपणच पास व्हावी लागते, अशी त्याची समजूत होती. तशी गरज नाही. लायसन्स मागणाऱ्याकडे प्रमाणपत्रधारक सुपरवायझर पूर्णवेळ पटावर हवा, परमिटवाले वायरमन हवेत, कामाची जागा हवी आणि स्वतःची उपकरणं हवीत : मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर आणि बाकीची. सुपरवायझर स्वतः असो की नोकरीला ठेवलेला. अडचण अशी की एक सुपरवायझर एका वेळी एकाच ठेकेदाराच्या पटावर राहू शकतो, आणि त्याला महिनाभराचा खरा पगार द्यावा लागतो. छोट्या माणसाला तो परवडत नाही. म्हणूनच नुसतं नाव देणारा सुपरवायझर भाड्याने मिळतो. पुतण्याने तीही चौकशी करून बघितली होती, हे मला नंतर कळलं. मी त्याला विचारलं, “म्हणजे तू काकांसारखीच उसनी सही आणणार, फक्त महिन्याच्या हप्त्यावर?” त्यावर तो काही बोलला नाही.

शेवटी मार्ग ठरला तो खालच्या पायरीपासून. आयटीआयचं राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र असलेल्याला वायरमनची परीक्षा न देता परमिट मिळण्याची सोय आहे. अर्ज आता ऑनलाइन होतो. कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर आली. ते प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच अर्ज केला असता तर आज त्याच्या नावावर किती वर्षं असती, याचा हिशोब त्याच्या बायकोने मांडला, मला मांडायची गरज पडली नाही. परमिट आलं. शेठनी त्याला पटावर घेतलं. पगार त्याच्या आधीच्या चांगल्या महिन्यापेक्षा कमी आहे आणि वाईट महिन्यापेक्षा बराच जास्त. या नोकरीतला अनुभव मात्र आता दाखल्यावर येतो आणि तो पुरला की सुपरवायझरच्या परीक्षेला बसता येईल. संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन इन्सुलेशन आणि अर्थिंगची गणितं करतो. भागाकार त्याला आता माझ्यापेक्षा लवकर जमतात.

शेठचं यात भलं झालंच. त्यांना नीट हात असलेला माणूस मिळाला, आणि त्या गल्लीतली कामंही त्याच्या मागोमाग आली. छोटी कामं मोठा ठेकेदार सहसा घेत नाही, कारण फाइल, चाचणी, सुपरवायझरचा दिवस हे सगळं दोन खोल्यांच्या घरालाही तेवढंच लागतं. लोक काकांकडे जातात ते स्वस्त म्हणून तर जातातच, पण रविवारी फोन उचलतात म्हणूनही जातात. लायसन्सवाल्यांनी रविवारी फोन उचलला असता तर उसन्या सह्यांचा हा बाजार एवढा वाढला नसता, असं माझं मत आहे आणि ते मी शेठनाही सांगितलं आहे.

काकांसाठी वाट आहे, पण अरुंद. आयटीआय नाही, म्हणून परीक्षाच द्यावी लागेल, आणि तिच्यासाठी दाखला. शेठनी त्यांनाही पटावर घ्यायची तयारी दाखवली. काका म्हणाले, “अठ्ठावन्नाव्या वर्षी पुतण्याच्या खाली हजेरी लावू?” खाली नाही, बरोबरीने, असं पुतण्याने समजावून बघितलं. सध्या काका पंखे बसवतात, स्विच बदलतात, मिक्सर दुरुस्त करतात, म्हणजे नियमाने ज्याला मोकळीक आहे तेवढं करतात. निदान मला तरी तसं सांगतात. नवं काम आलं की पुतण्याला फोन लावतात आणि पुतण्या ते फर्मच्या नावाने घेतो, काकांना त्यातला ओळखीचा वाटा मिळतो. ही व्यवस्था कुठल्या नियमात बसते याचा मी फार खोलात जाऊन विचार केलेला नाही. काम परमिटवाले हात करतात आणि मी मोजतो, तेवढं मला पुरतं.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. पहिल्या वायरिंगचे पैसे मावशींनी काकांना आधीच दिले होते आणि नव्याने केलेल्या कामाचं बिल आमच्या फर्मने वेगळं लावलं. मावशींचं म्हणणं, एका कामाचे दोनदा पैसे मी का द्यायचे. काकांचं म्हणणं, माझं काम चालत होतं, तुम्हीच ते उघडलंत. पुतण्याने आपल्या पगारातून थोडे थोडे द्यायला सुरुवात केली, ते काकांना कळल्यावर घरात दोन दिवस चूल पेटली नाही, असं काकूंनी सांगितलं. मी मध्ये पडून तोडगा सुचवला होता : चांगली तार, पाइप आणि बोर्ड परत वापरले, त्यांची किंमत मावशींनी सोसावी, मजुरी काकांनी परत करावी, अर्थिंगचा खर्च नवा, तो गिरणीचा म्हणून मावशींचा. मावशी तयार आहेत. काकांनी अजून हो म्हटलेलं नाही.